केशरी वायर

केमियार्वीत एप्रिल. अंगणातला बर्फ शेडपर्यंत मागे हटलाय.
इर्मेली गाडीच्या हीटरची वायर आवरायला घेते.
आधी भिंतीतला प्लग, मग गाडीतला.
हा क्रम टाउनोला शेवटपर्यंत जमला नाही.

तो कोपरावर करकचून गुंडाळायचा,
चऱ्हाट असल्यासारखी.
आत तांबं एकेक तार तुटत गेलं,
वरून रबर धडधाकट.
एका पहाटे प्लगपाशी काळा डाग, जळका वास.

ती वायर तिने टाकली.
ही नवी. एक वेढा सुलटा, एक उलटा,
वळेल तशी वळू द्यायची.
जुन्या मोज्याच्या पट्टीने सैल बांधून
खुंटीवर.

शेजारच्या खुंटीवर त्याची टोपी. ती राहू दे.

सुंभ जळला म्हणावं,
तर पीळ तिच्याच मनगटात:
दरवर्षी पहिला वेढा
कोपराकडे जातो.