पोचा

तांबट आळीत शिरलं की आधी कान भरतात,
मग डोळे.
त्र्यंबकनानांनी माझी घागर उलटी धरली
आणि पोच्याकडे न बघता विचारलं,
"कॉलेजात काय शिकवता?"

मी ओरडून सांगितलं, वक्रता.
"वक्ता?"
पन्नास वर्षं ठोकण्यात गेली, नानांना कमी ऐकू येतं.
वक्रता, नाना. वाकडेपणा.

त्यांनी तांब्याचा कोरा पत्रा
नळीसारखा गुंडाळला, सोडला.
पत्रा होता तसा झाला.
"हा वाकला. वाकलेलं परत येतं."
मग दुसरा तुकडा खरवईवर धरून
मधोमध सात-आठ ठोके.
पत्र्याला पोट आलं.
"हा ताणला. आता वर हत्ती उभा करा,
चुरगळेल, पण सपाट व्हायचा नाही."

फळ्यावर एवढ्यासाठी मला तीन तास लागतात,
आणि मागचा बाक तरी झोपतो.

खिशातल्या खडूने मी घागरीच्या पोटावर त्रिकोण काढला,
कोन एकशेऐंशीहून जास्त.
गळ्याशी काढला, कमी.
उचलताना हात नेमका
त्या कमी भरणाऱ्या जागीच जातो.

नाना हत्यार आणायला उठले.
पाठ उठली नाही,
बसलेलीच राहिली.
ती वाकलीय की ताणलीय,
मी विचारलं नाही.

आतून एकच ठोका. पोचा बाहेर.
खरं तर पोच्यातही वक्रता तेवढीच होती,
फक्त आत तोंड करून बसलेली.
हे नानांना सांगावं म्हणून तोंड उघडलं,
तोवर शेजारच्या दुकानात
हंडा सुरू झाला.