टी-अडीच

रात्रीचे अडीच. कुलाबा. एसी नेहमीसारखा जास्त.
पडद्यावर करडा अरबी समुद्र,
आणि अमिनीदिवीच्या वर
घावनाचं पीठ पळीने फिरवून ठेवावं
तसा एक पांढरा घोळ,
अजून जाळी न पडलेला.

उपळेकर निवृत्त होताना प्लास्टिकचा एक कागद देऊन गेले.
त्यावर शाईने काढलेली शंखाच्या वळणाची रेघ.
आता माप संगणकच घेतो. तरी मी तो कागद
पडद्यावर धरून फिरवत राहते
ढगाची शेपटी रेघेवर बसेपर्यंत.
आज अर्ध्या वेढ्याला जेमतेम.
जेमतेम म्हणजे किती, ते कागद सांगत नाही.

टी-दोन म्हटलं तर निनावी पोर.
टी-अडीच म्हटलं की बारसं:
आत्याबाई दिल्लीत बसतात,
यादीतलं पुढचं नाव त्याच कानात सांगणार,
मग सगळे चॅनेल एकदम कुर्रर्र.

चित्र येतं ते अर्ध्या तासापूर्वीचं.
उद्याचा अंदाज नंतर;
आधी आत्ताचाच करावा लागतो.

एक ठिपका चार किलोमीटरचा.
ही खिडकी, अंगणातलं पर्जन्यमापक,
ससून डॉकचा बर्फ, मच्छिमार नगरातली वाळत घातलेली जाळी,
बधवार पार्कची झोपलेली कुत्री, माझा साय धरलेला चहा
मिळून एक करडा चौकोन, चोवीस अंश.
तिकडे ढगाच्या माथ्यावर उणे अठ्ठ्याहत्तर.

तीनला मी टी-अडीच लिहिलं.
बंदरावर बावटा चढला, होड्यांना परत फिरा म्हणून निरोप गेले.

वादळाने दोन दिवस विचार केला
आणि ते ओमानच्या वाटेला लागलं.
मुंबईत एक झावळी हलली नाही.

सोमवारी सोसायटीतर्फे पोशा नाखवा आला.
साडेतीन टन बर्फाचं पाणी झालं होतं,
डिझेलचं बिल त्याने टेबलावर ठेवलं, उलटं.
"बाय, तुमचा वादल कंय गेला गो?"

मी चित्रं दाखवली, एकामागून एक.
तो कितीतरी वेळ पाहत राहिला. मग एकदम
वेरावळच्या खाली अंगठा टेकवला:
"हितं असतो आमी."
त्या रात्रीचा ढग अंगठ्याखाली पुरता झाकला गेला.
मग म्हणाला, "यान वारा कंय दिसतो?"
दिसत नाही, मी म्हटलं. ढगावरून ओळखायचा.
तो हसला नाही. बिल घडी करून घेऊन गेला.

आज पुन्हा रात्रपाळी. समुद्र मोकळा.
वेरावळच्या खाली मात्र काहीतरी फिरलेलं,
गच्च, बारीक वेढ्यांचं.
मी कागद उचलून मोजायलाही लागले होते.

मग दिवा जवळ घेतला.
शंख नव्हता,
चक्र होतं.