फुफाटा

व्हर्लिन मावशीचे डोळे साखरेने नेले
त्याला आता सहा वर्षं झाली.
त्याआधी ती जिप्समच्या खाणीत
चाळीस टनी ट्रक चालवायची, एका हाताने,
दुसऱ्या हातात थर्मासचं झाकण.
खाण बंद पडली. गाव पांगलं.
मागे उरलं पोस्ट, पेट्रोल पंप
आणि आम्ही अकरा जण.

नेवाडातल्या आमच्या या तळ्याला काठ आहे,
पाणी नाही.
झाड नाही, खांब नाही, कुंपण नाही,
वाट चुकलेलं कुत्रंसुद्धा नाही.
सव्वीस मैल नुसता सपाटपणा.
"म्हणजे धडकायला काहीच नाही," मावशी म्हणाली,
"मग मी चालवायला काय हरकत आहे?"

हरकत शोधायला मी आठवडा घेतला.
सापडली नाही.

मग गॅरेजात तिचाकी जुळवली.
पुढे एक, मागे दोन जाड टायर,
एकामागे एक दोन खुर्च्या, दोघांना पेडलं,
हँडल फक्त पुढच्या खुर्चीला.
साखळीला तेल दिलं नाही, मेण दिलं;
तेलावर धूळ बसते आणि तिची कणीक होते.
टायरमधली हवा इतकी सोडली
की रबरात अंगठा रुतावा.
कडक चाक फुफाट्यात खोल जातं,
ढिलं चाक वरून निघून जातं.
हे कळेपर्यंत माझा सबंध जुलै गेला.

ऑगस्टअखेर, दुपारी तीन.
वर पापुद्रा, खाली पीठ, पांढरं, ऊन ऊन.
"ऐक," मावशी म्हणाली,
"पापुद्रा असला की चाक कुरकुरतं,
पीठ लागलं की मुकं होतं."
मला माझ्या धापेखेरीज काही ऐकू येत नव्हतं.
ती त्या कुरकुरीचं बोट धरून चालली.
चाक मुकं झालं की हँडल जरासं वळवायची,
पुन्हा कुरकुर.
मी मागे, नुसता इंजिनापुरता.

एकदा म्हणालो, "डावीकडे घे."
"डावीकडे काय आहे?"
"काही नाही."
"मग गप."

चारच्या सुमाराला वारा उठला.
आधी डोंगर गेले, मग सूर्य,
मग पुढचं चाक,
मग तिची पाठ, जी हातभर अंतरावर होती.
दातांत खडू. पापण्यांवर खडू.
मी पाय थांबवले, ओरडलो, "काही दिसत नाही!"
ती हसली की खोकली, कळलं नाही.
"बरं," म्हणाली, "मारत राहा. थांबलास की रुतलो."

आणि आलाच फुफाटा, पोटऱ्यांपर्यंत.
पेडल खाली जाताना धुळीत बुडायचं,
वर येताना भरून यायचं, सांडायचं,
रहाटासारखं. किती वेळ, कोण जाणे.
मांड्या पेटल्या होत्या
आणि आम्ही जागच्या जागी आहोत
असंच वाटत होतं.

मग फार लांबून मालगाडीचा भोंगा.
चार वीसची, फाटकापाशी दोनदा वाजवते ती.
मावशीने मान तिरपी केली
आणि मानेमागोमाग हँडल.

गावात नाही पोचलो.
लेलंड ऑर्डवेच्या गुरांच्या टाकीवर
जाऊन आदळलो, पत्रा घणघणला.
त्या सगळ्या काठावर तेवढी एकच वस्तू उभी,
आणि तिने ती बरोबर गाठली.

रात्री बादलीत व्हिनेगर ओतून
दोघं पाय सोडून बसलो.
ही धूळ खारी; धुतली नाही तर टाचा तडकतात.
मावशीच्या भुवया अजून पांढऱ्या होत्या,
मी सांगितलं नाही.

"वारा यायच्या आधी मागे पाहिलंस?
कशी होती रे आपली रेघ?"
सरळ होती म्हणणार होतो.
"प्यालेल्या मुंगीची," म्हणालो.
तिने ओल्या बोटाने बादलीच्या काठावर
काहीतरी वेडंवाकडं ओढून पाहिलं.
"पूर्ण?"
"पूर्ण."
"मध्ये कुठे तू सरळ केली नाहीस?"
"माझ्याकडे हँडल होतं कुठे?"

"हं," म्हणाली.
मग पाय हलवून म्हणाली,
अजून थोडं व्हिनेगर घाल,
आणि उद्या मागच्या डाव्या टायरची हवा बघ,
तो आज ओढत होता.