मने साल

पासबुकाच्या पहिल्या पानावर कानडीत दोन शब्द आहेत,
अक्षराला अक्षर लावत मी ते चौदा वर्षं वाचतोय:
मने साल.
मने म्हणजे घर, साल म्हणजे कर्ज.
हिरेमठ मॅडमनी सही घेतानाच सांगितलेलं.
खरं माझ्या डोक्यात साल म्हणजे वर्षच,
मोजत मोजत संपणारं.

बहात्तर हप्ते. चौदा पगार.
रविवारी दळणाच्या चिठ्ठीमागे वजाबाकी मांडली:
अठ्ठावन्न.
रिटायर होताना माझं वयही अठ्ठावन्नच.
भारता म्हणाली, "बघा, फिट बसलं की."
हसली नाही.

छत्तीस वर्षं उद्यमबागेत लेथवर काढली.
दोन शतांश जास्त कापलेला जॉब
मायक्रोमीटर लावायच्या आधी
माझ्या अंगठ्याला कळतो.
जुन्या मशीनला एक खोड असते:
हँडल उलटं फिरवलं
की पाव फेरा नुसता हात फिरतो,
टूल जागचं हलत नाही.
नवी पोरं शिव्या घालतात.
कर्जाची सुरुवातीची वर्षं तशीच गेली,
दर पाच तारखेला आठ हजार चारशे,
हात फिरत राहिला,
मुद्दल केसभर सरकलं.

म्हणून मी ठरवून टाकलेलं:
पीएफचे सात लाख आले
की त्यातले चार एका दमात तोंडावर मारायचे,
उताऱ्यावरचा बोजा उतरवायचा.
(बोजा मात्र इकडेही बोजा, तिकडेही बोजा.
एवढ्या एका शब्दाचा वाद नाही.)

"मग उरले तीन," भारता म्हणाली,
"त्यात दोन माणसं आणि तुमचा गुडघा.
पेन्शन किती म्हटलासा?
तीन हजाराला शंभर कमी?"

आणि तांदळाच्या डब्यामागून
तिने पिग्मीची कार्डं काढली, रबर लावलेली.
अकरा वर्षं दुपारी तीनला
सिद्राय हलगेकर दारात यायचा,
आधी सायकलवरून, मग मोपेडवरून,
आता गळ्यात मशीन अडकवून.
रोज चाळीस रुपये.
शहापूरच्या दुकानांतल्या साड्यांना फॉल लावून
तिने दोन लाख अकरा हजार उभे केलेले,
मी फर्स्ट शिफ्टला असताना, सेकंडला असताना,
मी घरात झोपलेलो असतानाही.

मला राग आला का?
आला थोडा. मग लाज.
मग मी मूर्खासारखा म्हटलो,
"हे धरून सगळंच फिटतंय की!"

"ह्याला हात लावायचा नाही," ती म्हणाली.
"फेडूया, खरं हात रिकामे करून नको.
चौदा वर्षं बँकेनं आपल्याला थांबवलं,
आता तिलाही थोडं थांबू दे की."

सोमवारी दोघं गेलो. दोन लाख भरले तर काय होतं, विचारलं.
हिरेमठ मॅडमचे केस आता माझ्याएवढे पिकलेत,
त्याही मार्चमध्ये सुटणार.
त्यांनी फॉर्म पुढे सरकवला,
आपल्या वळणाच्या मराठीत म्हणाल्या,
"बोला, हप्ता कमी करू, की साल कमी करू?"

"कुठलं साल?" मी विचारलो.

मॅडम थांबल्या.
मग चष्मा काढून इतक्या हसल्या
की कॅशियरने काचेआडून मान वर केली.

फॉर्मवर दोन चौकोन होते.
मी पेन उघडून बसलो,
ड्रॉइंगवर माप लिहिलेलं नसलं
की बसतो तसा.

माझी नजर भारताकडे,
तिची भिंतीवरच्या घड्याळाकडे.
"उद्या भरूया," ती म्हणाली, "घरी नेऊन.
उठा आता, तीन वाजायला आले.
सिद्राय येऊन परत जाईल."