उक्ता सौदा

संत्र्याचा बगीचा डोळ्यानं मोजा लागते.
झाडाखाली उभं राह्याचं, मान वर कराची,
एका फांदीवरून अख्खं झाड,
एका ओळीवरून पाच एकर.
पंचवीस वर्सं हेच करून राह्यलो,
अन् एकच गोष्ट शिकलो:
बोलीले चार व्यापारी असले
तर बगीचा त्याले भेटते
ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकला.

हे मालूम असून
कबड्डी मंडळाच्या पैशाचं मी काय केलं, आयका.

पुसल्यावाल्यायनं रोहिदास कुमरेले नऊ हजार म्हनले.
खुला गट, दोन दिवसाचे सामने.
सावनेरच्या पोट्ट्यायसंग त्याचं तुटलं होतं,
आता तो कोन्याच मंडळाचा नाई. मोकळा.
मोकळा गडी म्हंजे
मोसमाच्या शेवटी राह्यलेला बगीचा,
सगळ्यायच्या नजरेत येते
अन् कोनी इचारत नाई, एवढे दिवस काऊन राह्यला.

पानठेल्यावर उभं राहून फोन लावला.
अकरा म्हनलं. पुसल्यानं बारा केले.
मांगून कोनीतरी बोललं, गावाच्या नाकाचा सवाल हाय.
नाकाचा भाव कोनी काढला नाई.
मी म्हनलं पंधरा, अन् येन्या-जान्याचं पेट्रोल.
तिकडून फोन आला, 'येतो',
तवा आमी ढाल भेटल्यासारखे ओरडलो.

मांगच्या साली मोवाडच्या मैदानावर
त्यानं एका चढाईत चार गडी मारले होते.
आमी त्या चढाईचे पैसे देल्ले.
ते तर होऊन गेलती!
आंब्या बहार तोडून नेलेल्या झाडाले
त्याच बहाराचे पैसे दुसऱ्यांदा कोन देते?

आला. फटफटीवरून उतरतानी
डावा पाय हळूच टेकवला, तोंड वाकडं केलं.
डिंक्या लागलेलं झाड मी धुऱ्यावरून ओळखतो.
बोललो नाई.
पैसे देऊन झाले होते.

पयल्या सामन्यात सहा गुन,
दुसऱ्यात दोन, त्यातला एक बोनस.
सेमीफायनलले पुसल्यानं त्याचा घोटा धरला
अन् तो उठलाच नाई लवकर.
आमचा चंद्रभान खेरडे, माह्याच ट्रकवर कॅरेट भरते,
त्यानं त्या सामन्यात एकट्यानं सात पकडी केल्या.
त्याले दोन केळं, एक उकडलेलं अंडं.
तीन गुनानं हारलो.

रात्री कुमरे माह्या घरी जेवला.
गुडघ्याले गरम विटेचा शेक देत देत म्हने,
"भाऊ, एकोनीस ते पंचवीस, सा वर्सं,
सावनेरले सतरा ढाली आनून देल्ल्या.
केळं भेटत होते. अंडंही भेटे.
तवा हा गुडघा चांगला होता, अन् फुकट होता.
तुमाले वाटते जास्त देल्ले.
मी म्हनतो, थकबाकी देल्ली.
फक्त देनारा बदलला."
मंग त्यानं वाटीभर रस्सा अजून मांगितला.

वही घेऊन बसलो.
खर्च पंधरा हजार, पेट्रोल चारशे.
जमा, तिसऱ्या नंबराचे दोन हजार एक.
'कशाबद्दल' लिवलेल्या रकान्यात
पेन बरंच येळ अडला.

सकाळी कॅरेट उचलता उचलता चंद्रभान म्हने,
"काका, कुमरेले किती देल्ले?"
मी म्हनलं, "आठ."
पोट्टं हासलं.
पानठेल्यावर माह्या मांगं तोच तर उभा होता.
कॅरेट ट्रकात ढकललं, हात झटकले,
"पुसल्यावाल्यायचा फोन आलता मले.
दोन हजार म्हनतात."

मी त्याच्याकडं पाह्यलं, झाडाकडं पाहातो तसं,
खालून वर.
या सालचा बहार. सगळा फांदीवरच.
अन् तोंडातून काय निंगालं माह्या?
"अजून कोवळा हायेस बे तू. टिकशीन का नाई, कोनाले मालूम."

पंचवीस वर्साची सवय.
बगीचा मनात भरला
का पयले त्याले नावं ठेवाची.