अक्षर चांगलं म्हणून

माझं अक्षर चांगलं, म्हणून यादी मी लिहिली.
शाळेतल्या उरलेल्या वहीत, समास आखून.
इरोफालू शेजारी बसून नावं सांगत होता,
सुपारी चघळत, बोटं मोडत:
हा आपला. हा आपला. हा... राहू दे.

आमचं बेट माणसांनी रचलेलं.
आज्या-पणज्यांनी प्रवाळाचे दगड
होड्यांतून आणले, एकावर एक ठेवले,
वर घरं बांधली.
गोडं पाणी तेवढं ठेवायचं राहिलं.
त्यासाठी पलीकडच्या किनाऱ्यावर जायचं,
डबे घेऊन, भरती बघून.

म्हणून टाक्यांची बोट आली तेव्हा
पोरं धक्क्यावर नाचली.
हिरव्या, पोकळ, अकरा टाक्या.
खासदारसाहेब आले नाहीत, होनिआराला अधिवेशन होतं.
त्यांचा फोटो आला,
प्रत्येक टाकीच्या पोटावर चिकटवलेला.

घरं एकतीस.
मतपेटीत कोणी काय टाकलं ते इरोफालूने पाहिलं नव्हतं.
त्याने फक्त लक्षात ठेवलं होतं
प्रचाराचं डुक्कर कापलं त्या रात्री
कोण जेवायला आलं
आणि कोणाला नेमका ताप आला.

‘माएलासी?’ मी विचारलं.
नवरा समुद्रात गेलेला, चार पोरं,
दिवसाला दोन खेपा, खांद्यावर वल्ह्याचा घट्टा.
‘तिचा भाऊ समोरच्यांच्या सभेत बोलला.’
मी पुढच्या ओळीवर गेलो.
पेन अडखळलं वगैरे नाही. हे सांगायला हवं.

सातवं नाव माझं.
मी म्हटलं, अरे, मला कशाला,
आणि लिहिलं,
इतरांपेक्षा जरा बारीक अक्षरात.

तळं राखेल तो पाणी चाखेल म्हणतात.
इथे तळं कुठलं? चहूकडे खारं,
आणि राखायला एक वही.

टाकी बसवून झाली, तोटी फिरवून पाहिली,
मग कोणीतरी वर बघितलं.
टाकी भरते ती पत्र्यावरच्या पाण्याने.
माझं छप्पर ताडपानांचं,
त्यातून ठिबकतं ते तपकिरी, धुराच्या वासाचं.
पत्रे वाटले होते मागच्या खासदाराने,
त्याच्या माणसांना.
तेव्हाची यादी कोणाच्या अक्षरातली, ठाऊक नाही.

माएलासीच्या घरावर सोळा पत्रे.
सर आली की सगळं बेट जागं होतं त्या आवाजाने.
ती पातेली मांडते, भरतात,
उरलेलं धो धो समुद्रात.

आमच्या दोन घरांत अंतर बारा पावलं.

परवा ती दारात आली, आत नाही.
म्हणाली, ‘मास्तर, बांबूची एक पन्हळ लागेल.
बांबू माझा भाऊ आणेल.’
‘बघतो,’ मी म्हणालो.
‘इरोफालूला विचारून सांगतो.’

तिने टाकीवरच्या फोटोकडे पाहिलं,
मग माझ्याकडे, तेवढाच वेळ.
डबे उचलले.
ओहोटी लागायच्या आत तिला निघायचं होतं.