सपाटी

इंजिनियरने तिवईवर दुर्बीण लावली होती,
एक डोळा मिटून म्हणाला, हिरवळ सपाट आहे.
मी बादलीभर पाणी ओतलं.
पाणी ईशान्येच्या कोपऱ्याकडे निघालं,
घाई न करता, ओळखीच्या घरी निघाल्यासारखं.
म्हटलं, सायबा, बघ.

त्या दिवशी नोकरी मिळाली.
तोवर मी आगरवाड्याचा मिठागरी.
बापाने एकच काम शिकवलेलं:
पौषात चिखल तुडवायचा, टाच आधी, मग चवडा,
तळ असा करायचा
की बोटभर पाण्याला
कुठे जावं ते सुचू नये.

पेडण्याच्या सड्यावर, जांभ्या दगडावर,
मी गवताला तेच शिकवलं.

दीपश्री डबा घेऊन यायची, दहावीच्या सुट्टीत.
डबा ठेवायची आणि चेंडू उचलायची.
दीड किलोचा काळा गोळा,
सरळ सोडला तरी वाकडा जाणारा,
आणि जोर संपत आला की जास्तच वाकणारा.
आपल्या घरातले सगळे असेच, म्हणाली,
रागाने निघतात आणि दमले की आईकडे वळतात.
मी डबा उघडला. सुंगटांची कढी होती.
ती खेळत राहिली.

आता ती जागतिक स्पर्धेत,
जोडीला कुडतरीची मेलिंडा, पोस्टात कामाला असलेली.
रात्री फोन येतो: बाबा, इथे जमीनच नाही,
छपराखाली गालिचा आहे, वास कसलाच नाही.
आणि वेगवान आहे फार.
आपल्याकडे चेंडू दहा सेकंदांत पोचतो,
इथे सोळा.

वेगवान, तर मग जास्त वेळ कसा?
हळू सोडावा लागतो, बाबा. अगदी हळू.
जोरात सोडला तर खाईत.

मी फोन ठेवला आणि अंगणात
एक नारळ घरंगळत सोडून पाहिला.
बायको दारात उभी. काही बोलली नाही.

शेवटचा डाव आम्ही मोबाईलवर पाहिला,
आठ घरं मिळून एक मोबाईल.
समोर कुठल्याशा बेटावरची साठीची बाई,
केसांत फूल, गुडघ्याला पट्टा,
वाकली की आमच्या वाड्यावरची भानूमावशीच.
दीपश्रीचा चेंडू गेला, वळला,
पांढऱ्या जॅकला लागला
आणि तसाच पुढे खाईत पडला.
गेला, मी म्हणालो. सगळेच म्हणाले.

पण मेलिंडा खडू घेऊन धावली,
खाईत उतरून चेंडूवर खूण केली.
जॅकला शिवलेला चेंडू
खाईत पडला तरी मेलेला नसतो.
असा नियम आहे.
हा नियम मला कुणीच सांगितला नव्हता,
आणि मी नऊ वर्षं त्या खाईतली पानं झाडतोय.

मग बाईने जॅकलाच खाईत ढकललं,
तिचा चेंडू काठावर थांबला.
पंच पोटावर आडवा झाला, फीत ताणली.
बोटाच्या पेराएवढं अंतर.
बाई जिंकली. तिने दीपश्रीला मिठीत घेतलं
आणि फूल तिच्या केसांत खोवलं.
इकडे कुणीतरी चहा टाकला.

परत आली तेव्हा तिच्या पिशवीत
तो खडूचा तुकडा होता, अर्ध्या बोटाचा.
घे, म्हणाली, तुला आवडेल.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी आगरावर गेलो.
तीन पावसाळ्यांमागे बांध फुटला,
तेव्हापासून तिथे खाडीचंच राज्य:
खारफुटीची रोपं गुडघ्याएवढी,
बापाने तुडवलेल्या तळात कुर्ल्यांची बिळं.
मानशीचं दार तेवढं उभं,
एका बिजागरीवर.

मी चिखलात उतरलो. टाच आधी, मग चवडा.
दारापाशी जाऊन खडू टेकवला.
लाकूड भिजलेलं होतं, खडू उठेना.
सदऱ्याच्या टोकाने पुसलं,
पुन्हा टेकवला.
भरती यायला
अजून तासभर होता.